विशनसरच्या काठावर

(पहाट. तंबूंवर दंव. लांबून ओढ्याचा आवाज.)

हे विशनसर, काश्मीरमधलं उंचावरचं तळं. सोनमर्गहून चालत निघालं की निचनई खिंड उतरून मुक्काम पडतो तो इथे, साधारण 3,700 मीटर उंचीवर. जुलै ते सप्टेंबर या काठावर मराठी हमखास कानावर पडतं. आत्ताही चहाच्या रांगेत तेच चाललंय. रांगेत नाहीत ते फक्त आमचे घोडेवाले चाचा. हातात सहा फुटी रॉड, खिशात मत्स्य विभागाचा परवाना. तो नसेल तर इथे गळ टाकायचा नाही.

चाचा पाण्याच्या दहा पावलं अलीकडे थांबतात आणि चक्क खाली बसतात. दम लागला असेल, असं वाटतं. पण ते पाणी बघतायत.

इथला मासा म्हणजे ट्राउट. तो मूळचा काश्मीरचा नाही. 1899मध्ये इंग्लंडहून निघालेली अंडी वाटेतच वाया गेली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली जगली, आणि मिचेल नावाच्या ब्रिटिश माणसाने ती वाढवली. आधी नद्या, मग ही उंचावरची तळी. त्याला गार पाणी लागतं. आपल्या धरणांत तो टिकायचा नाही.

(पाण्याखाली: दगड, शेवाळ, सरकती सावली.)

ओढ्यातला ट्राउट दगडाआड प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. खाणं वाहत त्याच्यापर्यंत येतं. तळ्यात त्याला ही सोय नाही. इथे पोटासाठी हिंडावं लागतं. आणि खाणं असतं उथळ काठाला, जिथे तळापर्यंत ऊन पोचतं आणि दगडांखाली किड्यांच्या अळ्या वाढतात. म्हणून पहाटे ट्राउट काठाकाठाने फेऱ्या मारतो, अगदी गुडघाभर पाण्यात. नवखा माणूस नेमका त्याच पाण्यात उभा राहतो आणि सगळी ताकद लावून गळ फेकतो लांब, निळ्या पाण्यात. मासा मघाशीच त्याच्या पायांना घाबरून पळालेला असतो.

चाचा बसलेत तेही याचसाठी. काठावर उभा माणूस माशाला पाण्यातून दिसतो. बसला की जवळजवळ दिसेनासा होतो.

(जवळून: हात, रीळ, तंगूस म्हणजे गळाचा दोरा.)

आता गळ. बोटाच्या पेराएवढा पितळी चमचा, म्हणजे माशाला फसवणारं चकाकतं पातं, खाली एकच आकडा, त्याचा उलटा काटा पकडीने चेपलेला. वरच्या किशनसर तळ्याचं पाणी जिथे विशनसरमध्ये उतरतं, त्या तोंडाशी चाचा तो टाकतात. समोर नाही, काठाला समांतर. मग रीळ हळू, मध्येच एक थांबा. थांबल्यावर चमचा लटपटत खाली जातो, जखमी पिल्लासारखा. मासा बहुतेकदा तेव्हाच झडप घालतो.

ऊन चढलं की मासे खोल जातात. मग मोजायचं. चमचा पाण्यात पडल्यापासून तळाला टेकेपर्यंत बारापर्यंत मोजून झालं, तर पुढच्या वेळी नवालाच रीळ फिरवायला लागायचं. चमचा तळाच्या जरा वरून येतो. कोकणात खाडीवर गरवणाऱ्यांना शिसं तळाला टेकवून बसायची सवय असते. ती इथे विसरलेली बरी.

(तंगूस ताणला जातो. रॉड वाकतो.)

लागला! ओढाताण नाही. तो पळाला की तंगूस सोडायचा, दमला की घ्यायचा. हातभर अंतरावर आल्यावर चाचा आधी हात पाण्यात बुडवतात. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे रोगाने मरू शकतो. पिवळसर अंग, काळे ठिपके, मधूनच फिकट कड्याचे लाल. आकडा सुटतो. चाचा त्याला पाण्यात सरळ धरून ठेवतात, कल्ले नीट हलायला लागेपर्यंत. मग बोटं सैल.

दुसऱ्यासाठी ते पुन्हा बसतात. एवढ्यात आमच्यातलाच एक गडी टूथब्रश तोंडात धरून थेट पाण्यात उतरतो आणि विचारतो, “मासे मिळतात का हो इथे?”

चाचा रीळ गुंडाळतात आणि पलीकडच्या काठाकडे चालू लागतात.