‘हो सिस्टर’ म्हणजे नेमकं काय?

(जर्मनीतल्या आमच्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सोलापूरच्या एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचं हे संपादित रूप.)

नमस्कार मंडळी.

मी सोलापूरची. तीसेक वर्षं नर्स म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे आणि तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले आहे. वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या वळणाच्या माणसांशी कसं बोलावं यावर चार शब्द सांगा, असं मंडळाने सुचवलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणत होते. मला जर्मन येत नाही. लेक म्हणाली, “आई, तू जन्मभर तेच तर केलंस.” तिचं खरं आहे.

इथे सोलापूरचे कितीजण आहेत? चार-पाच हात दिसतायत. त्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. सोलापुरात सकाळी ओपीडीच्या दारात उभं राहिलं की पहिल्या पाच मिनिटांत चार भाषा कानावर पडतात. अक्कलकोटकडून आलेल्या आजी कानडीत बोलतात. पूर्व भागातल्या पद्मशाली बायका तेलुगूत बोलतात, त्यांचे आजे-पणजे तेलंगणातून मागावर काम करायला आले आणि इथलेच झाले. मुसलमान मोहल्ल्यातून आलेल्या खाला दखनी बोलतात. आणि मराठी तर आहेच, तीही आमची, “काय करलालास बे?” म्हणणारी. पण चौघींना विचारायचा पहिला प्रश्न एकच. “ऊटा आतेनरी?”, “तिन्नवा?”, “खाना खाए क्या?”, “जेवलीस का?” उपाशीपोटी घ्यायची गोळी आहे की जेवणानंतरची, हे त्याशिवाय कळणार कसं? मराठीशिवायच्या या तीन भाषा मी शिकले त्या या प्रश्नापासून. पुढे ‘एक्कड नोप्पी?’ आणि ‘एल्लि नोवु?’ आलं, म्हणजे कुठे दुखतंय. वीस-पंचवीस शब्दांपलीकडे माझी मजल कधी गेली नाही, पण त्या वीस शब्दांनी समोरच्या बाईचा चेहरा कसा मोकळा होतो ते मी हजारदा पाहिलं.

आता मला मुख्य गोष्ट सांगायची आहे. ती माझ्या हातून झालेल्या चुकीची आहे.

नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती. उन्हाळ्याचे दिवस, जुलाब-उलट्यांच्या पोरांची रांग लागलेली. एक बाई दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. विड्या वळणारी होती. बोटांना तंबाखूचा वास, तर्जनीला कात्रीचा घट्टा. डॉक्टरांनी मुलाला तपासलं, ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेची पुडी लिहून दिली. पुडी तिच्या हातात ठेवत मी भराभर सांगितलं, “ही पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळायची, चमच्याने थोडं थोडं पाजायचं, चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. समजलं का?” तिने मान हलवली. “हो सिस्टर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलाला घेऊन परत आली. पोर चिडचिड करत होतं, ओठ सुकलेले, पाण्याच्या भांड्यावर झडप घालत होतं. तिने सगळी पुडी एका फुलपात्रात कालवली होती आणि तेच रात्रभर पाजलं होतं. मंडळी, ती पुडी लिटरभर पाण्यासाठी मापून केलेली असते. पाणी कमी पडलं की मीठ जास्त होतं, आणि ते मीठ लहान पोराच्या अंगातलंच पाणी ओढून घेतं. ज्या औषधाने ते बरं व्हायचं, त्यानेच ते आणखी सुकलं. मुलाला भरती करून घेतलं, तीन दिवसांनी ते हसत घरी गेलं. पण ती पहिली रात्र मी त्या खाटेजवळून हलले नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डातल्या मावशींना मी मध्ये बसवलं. त्यांना तेलुगू चांगलं यायचं. मला वाटत होतं, बाईला लिटर म्हणजे काय ते माहीत नसेल. तसं अजिबात नव्हतं. रेशनचं रॉकेल ती लिटरनेच आणायची. लिटर तिला पक्कं ठाऊक होतं. पोचलं नव्हतं ते माझं वाक्य. मराठीतून, घाईत, एका दमात सांगितलेलं. त्यातलं पुडी आणि पाणी एवढंच तिच्या हाती लागलं. मी विचारलं, “मग हो का म्हणालात?” मावशींनी तेलुगूत विचारलं, उत्तर ऐकलं, आणि क्षणभर थांबून मला सांगितलं, “ती म्हणतेय, मागे रांग होती, तुम्ही कामात होतात. तुम्हाला परत बोलायला लावायचं कसं?”

त्या बाईचा ‘हो’ हा माझा मान राखण्यासाठी होता, आणि मी तो समजल्याची पावती म्हणून घेतला.

त्यानंतर मी ‘समजलं का?’ हा प्रश्न टाकून दिला. आमच्याकडे वडीलधाऱ्या, शिकलेल्या, पांढऱ्या कपड्यातल्या माणसाने ‘समजलं का?’ विचारलं की उत्तर ‘हो’ हेच असतं, मग ती बाई कुठल्याही भाषेची असो. मी टेबलावर लिटरचं एक स्टीलचं भांडं आणून ठेवलं. प्रत्येक आईला सांगायचे, “माझ्याकडून नीट सांगायचं राहतं कधी कधी. आता घरी गेल्यावर काय करणार ते मला करून दाखवा.” पहिलं वाक्य महत्त्वाचं आहे बरं का. परीक्षा तिची नसते, माझ्या सांगण्याची असते, हे तिला कळलं पाहिजे, नाहीतर ती बिचकते. दोन मिनिटं जास्त जातात, रांगेतले लोक कुरकुरतात. जाऊ देत. ही पद्धत आज जगभरच्या दवाखान्यांत शिकवतात, मी मात्र ती त्या पोराच्या सुकलेल्या ओठांवरून शिकले.

आता तुमच्या इथलं. लेकीच्या ऑफिसमधली तरुण मुलं घरी येतात, जेवायला बसली की गप्पा निघतात. एकजण सांगत होता. साहेबाने विचारलं, हे शुक्रवारपर्यंत होईल ना? हा म्हणाला, हो, बघतो. आपल्याकडे ‘बघतो’ या शब्दातच निम्मं सगळं येतं, ऐकणाऱ्याला अंदाज येतो. जर्मन साहेबाने फक्त ‘हो’ ऐकला आणि शुक्रवार लिहून ठेवला. शुक्रवार उलटला, आणि दोघंही मनातून दुखावले. साहेबाला वाटलं, हा शब्दाचा पक्का नाही. याला वाटलं, मी इतका आदराने वागलो आणि साहेबाने चारचौघांत विचारलं. बाळांनो, तुमचा ‘हो’ आणि त्या बाईचा ‘हो’ एकच आहे. इथे ‘नाइन’, म्हणजे ‘नाही’, म्हणणं कामापुरतं असतं, माणसाला लागत नाही, हे मला लेकीने समजावलं. तेव्हा बुधवारीच जाऊन सांगा की जमत नाहीये. आणि तुमच्यातले जे आता साहेब झाले आहेत, त्यांनी ‘होईल ना?’ विचारूच नये. ‘शुक्रवारपर्यंत करायला तुला काय काय लागेल?’ असं विचारा. उत्तरात खरं काय ते आपोआप येतं.

मान हलवण्याचंही तेच. आपण डोकं दोन्ही बाजूंना डोलावतो, त्याचा अर्थ ऐकतेय, चालेल, पुढे बोला, काहीही असू शकतो. इथल्या माणसाला त्यात नकार दिसतो. तोंडाने बोला.

आकड्यांची एक गंमत मला इथे येऊन कळली आणि फार आवडली. जर्मन माणूस पंचवीसला ‘पाच आणि वीस’ म्हणतो. आपलंही तसंच आहे, पंच आधी, वीस नंतर. तेलुगूत उलट, ‘इरवै ऐदु’, आधी वीस. कानडीत ‘इप्पत्तैदु’, तिथेही वीस आधी. म्हणजे आकडे म्हणताना मराठी माणूस शेजारच्या कलबुर्गीपेक्षा इथे जवळचा. पण घड्याळात लगेच घात होतो. ‘हाल्ब द्राय’ ऐकून माझी लेक पहिल्या वर्षी दातांच्या डॉक्टरांकडे साडेतीनला पोचली. बोलावलं होतं अडीचला. तिसरा तास अर्धा झाला, असा त्यांचा हिशेब. तिला वाईट वाटलं होतं, पण मला दवाखान्यातली ‘दीड गोळी’ आठवली. सव्वा, दीड, पाऊण, अडीच हे आपले शब्द बाहेरून आलेल्या माणसाला किती अवघड जातात याचा आपण विचार तरी करतो का? मी दीड गोळी सांगताना एक गोळी तळहातावर ठेवून दुसरी तोडून दाखवायचे.

लहान मुलांना दुभाषे करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आमच्याकडे नऊ-दहा वर्षांच्या मुली आईचं दुखणं मराठीत सांगायला यायच्या, शाळेत मराठी शिकलेल्या म्हणून. आईला अंगावरून जातंय, गाठ आहे, हे त्या पोरीने कसं सांगायचं? ती सोपं करून सांगते, नाहीतर गाळते. आईही तिच्यादेखत बोलत नाही. लेकीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक तुर्की आजी राहतात. 1961 साली पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तानचा कामगारांचा करार झाला, त्यानंतर त्यांचे यजमान इथे कारखान्यात आले. त्यांची मुलगी, तीही आता साठीला आली, मला म्हणाली की आईबरोबर दवाखान्यात जाऊन सगळं तिलाच सांगावं लागायचं आणि पुष्कळ गोष्टी तिने सांगितल्याच नाहीत. तुमचे आईवडील इथे आले आणि दवाखान्यात जायची वेळ आली, तर मोठ्या माणसाला न्या. मंडळात नर्सेस आहेत, डॉक्टर आहेत, एक यादी करून ठेवा.

सोलापुरात सगळे सदासर्वकाळ गुण्यागोविंदाने राहतात असं मी सांगणार नाही, तणावाचे दिवसही मी पाहिलेत. पण हुतात्मा चौकातून जाताना चार पुतळ्यांखालची नावं दरवेळी वाचते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात इंग्रजांनी चौघांना एकाच दिवशी फाशी दिलं. त्याच सुमाराला दरवर्षी सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. ज्यांच्या नावाने ही जत्रा, त्या संत सिद्धरामेश्वरांची वचनं कानडीत, आणि नंदीध्वजाच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठीच्या, मागे बाराबंदीचा पांढरा अंगरखा घालून चालणारा माणूस घरी कुठलीही भाषा बोलत असला तरी “एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र” एकाच सुरात म्हणतो.

आणि आमचे डॉक्टर कोटणीस. भैय्या चौकातलं त्यांचं घर आता स्मारक आहे, सुट्टीत गेलात तर मुलांना जरूर दाखवा. 1938 साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. जपानशी युद्ध चालू होतं, जखमींची रीघ होती. भाषा शिकायला सवड कुणाला? तरीही ते चिनी बोलायला, लिहायला, वाचायला शिकले. नर्स म्हणून मला त्याचं मोल कळतं. दुखणारा माणूस स्वतःच्या भाषेतच कण्हतो. चिनी लोकांनी त्यांना के दीहुआ हे नाव दिलं. ‘हुआ’ म्हणजे चीन. तिथल्याच परिचारिकेशी, गुओ चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत. 9 डिसेंबर 1942 ला ते गेले, वय अवघं बत्तीस. आपल्या जाण्याने ते गाव आपलं झालं पाहिजे, असं त्यांनी वागून दाखवलं.

आदराचं एक सांगायचं राहिलं. सोलापुरात म्हाताऱ्या पेशंटला आडनावाने हाक मारली तर ती परकी होते. अम्मा, अव्वा, खाला, आजी म्हटलं की ती हात पुढे करते. इथे उलट. अनोळखी बाईला आजी म्हटलं तर तिला वाटेल, मला म्हातारी म्हणतेय. इथला आदर आडनावात आहे आणि ‘झी’मध्ये, म्हणजे आपल्या ‘तुम्ही’मध्ये. ‘दू’वर यायचं ते मोठ्या माणसाने सुचवल्यावर. आपल्याला हे कळायला अवघड नाही, आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, आपणही आहे. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांना मात्र आधी मराठीतलं तू-तुम्ही नीट शिकवा, जर्मन त्यांना सोपं जाईल.

परवा माझं विमान आहे. काल खालच्या तुर्की आजींचा निरोप घ्यायला गेले. त्यांना मराठी येत नाही, मला तुर्की येत नाही. मी शेंगाची चटणी नेली होती, त्यांनी चहा दिला, छोट्या कंबरेच्या काचेच्या पेल्यात. उठताना माझ्या तोंडून सवयीने गेलं, “येते.” मग मी त्यांच्या मुलीला समजावलं, की आमच्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. कानडीत ‘होगी बरतीनि’, तेलुगूत ‘पोयोस्ता’, सगळे जाऊन येतो असंच म्हणतात. तिने आईला सांगितलं. आजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, “गुले गुले.” मुलगी म्हणाली, घरात राहणारा जाणाऱ्याला असं म्हणतो. अर्थ, हसत हसत जा.

येते मंडळी.