मुदत न लिहिलेला अधिकार

(दृश्य: मराठवाड्यातलं गाव, विहिरीवर भरणारा टँकर)

उन्हाळ्यात टंचाई वाढली की मराठवाड्यात खाजगी विहिरी आणि बोअर अधिग्रहित होतात. संकट खरं असतं, प्रशासनाला अधिकार लागतोच. पण आदेशात मुदत लिहिलेली असते, ती संपली की विहीर परत मालकाची. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या सिनेटनं, म्हणजे तिथल्या प्रजासत्ताकाच्या संसदेनं, पॅल्पटीन या राजकारण्याला आणीबाणीचे अधिकार दिले, त्या ठरावात नेमकी हीच ओळ नाही.

त्याची पद्धत १९९९ च्या भागातच दिसते. ट्रेड फेडरेशन ही व्यापाऱ्यांची संघटना नाबू ग्रहाची नाकेबंदी करतं. पडद्याआडून ती घडवणारा खलनायक डार्थ सिडियस आणि नाबूचा सिनेटर पॅल्पटीन, माणूस एकच. चॅन्सेलर, म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख, व्हॅलोरमवर अविश्वास आणा, असं तो नाबूची राणी आमिडालाच्या गळी उतरवतो. ठराव ती मांडते, खुर्ची याला मिळते.

(दृश्य: चॅन्सेलरचं दालन)

२००२ च्या भागातला दालनातला प्रसंग नीट पाहावा. सैन्य उभारायला विरोध करणारी आमिडाला आता सिनेटर आहे, पण जिवावरच्या हल्ल्यांमुळे तिला राजधानीबाहेर पाठवलेलं आहे. पॅल्पटीनचा सहकारी मास अमेडा आणीबाणीच्या अधिकारांचा विषय काढतो. एवढा मोठा ठराव मांडायचं धाडस कोण करणार, असं पॅल्पटीन विचारतो. आमिडाला इथं असती तर, असं अमेडा म्हणतो. शेजारी तिचा प्रतिनिधी जार जार बिंक्स उभा असतो. पुढे सिनेटमध्ये ठराव तोच मांडतो. संकट सरलं की अधिकार सोडेन, असं पॅल्पटीन सांगतो आणि त्याच भाषणात फौज उभारल्याची घोषणा करतो.

संकट सरलं हे ठरवणार कोण? तोच. समोरच्या, प्रजासत्ताकातून बाहेर पडू पाहणाऱ्या फुटीरांचा नेता काउंट डूकू हा त्याचाच शिष्य. युद्ध दोन्ही बाजूंनी त्याच्या हातात, म्हणून चॅन्सेलरपदाची मुदत संपूनही तो पदावर राहतो. २००५ च्या भागात प्रजासत्ताकाचे रक्षक असलेल्या जेडाय योद्ध्यांचा काटा काढून तो साम्राज्य जाहीर करतो, तेव्हा सिनेट टाळ्या वाजवतं.

(दृश्य: १९७५ ची वृत्तपत्रं)

आपल्याकडे २५ जून १९७५ च्या रात्री ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण देऊन आणीबाणीच्या आदेशावर राष्ट्रपतींची सही झाली. मंत्रिमंडळाला सकाळी कळलं. दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात गेले. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीनं लोकसभेची मुदत ५ वरून ६ वर्षांवर नेली. १९७७ ला औरंगाबादनं जनता पक्षाचे बापू काळदाते निवडून दिले.

मग १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती आली. ‘अंतर्गत अशांतता’च्या जागी ‘सशस्त्र बंड’, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय, महिन्याभरात संसदेची मंजुरी, पुढे दर ६ महिन्यांनी नव्यानं मतदान.

पण पॅल्पटीनपुढे ६ महिन्यांची अट टिकली नसती. बहुमत त्याच्याच मागे होतं. खरी उपयोगी तरतूद वेगळीच आहे. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी आणीबाणी नामंजूर करण्यासाठी लेखी नोटीस दिली, तर १४ दिवसांत खास बैठक घ्यावीच लागते. नोटीस लोकसभा अध्यक्षांकडे जाते, अधिवेशन नसेल तर राष्ट्रपतींकडे; पंतप्रधानांकडे नाही. २००५ च्या भागातून कापलेल्या प्रसंगांत आमिडाला आणि नाराज सिनेटर आपली मागणी घेऊन जातात ते थेट पॅल्पटीनकडे, कारण सिनेटच्या अध्यक्षस्थानीही चॅन्सेलरच बसतो.