सोन्टोंगा मास्तरांचं गाणं

(दृश्य: भरलेलं मैदान, उभे प्रेक्षक. दक्षिण आफ्रिकेचं राष्ट्रगीत सुरू.)

नीट ऐका. अर्ध्यावर चाल बदलते, पट्टीसुद्धा बदलते. गीत ज्या पट्टीत सुरू झालं, तिच्यात परत न येताच संपतं. राष्ट्रगीतांत असं फार क्वचित घडतं. इथे घडलं, कारण ही मुळात दोन गीतं आहेत आणि ती गाणारे एकमेकांविरुद्ध उभे होते.

पहिलं गीत १८९७ सालचं. जोहान्सबर्गजवळ नॅन्सफिल्डच्या मेथडिस्ट मिशन शाळेत एनॉक सोन्टोंगा नावाचे तरुण मास्तर होते. मुलांना गायला गाणी हवीत म्हणून ते स्वतःच शब्द लिहीत, चाली बांधत, वहीत उतरवून ठेवत. त्यांतलंच एक 'न्कोसी सिकेलेल् इआफ्रिका'. देवा, आफ्रिकेला आशीर्वाद दे, अशी खोसा भाषेतली ही प्रार्थना. १९०५ मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना सोन्टोंगा गेले. वही या हातातून त्या हातात जात गहाळ झाली. गाणं मात्र लोकांच्या तोंडी राहिलं.

ते गावोगावी नेण्यात मोठा वाटा जॉन दुबे यांच्या ओहलांगे शाळेच्या गायकवृंदाचा. डर्बनजवळची ही शाळा गांधीजींच्या फिनिक्स आश्रमाच्या शेजारची. १९१२ च्या नोव्हेंबरात आपले नामदार गोखले गांधीजींसोबत तिथे गेले होते. दुबेंशी त्यांचं बोलणं झालं, विद्यार्थ्यांनी त्यांना झुलू गाणी ऐकवली. पुण्याच्या पाहुण्यापुढे कोणती गाणी झाली असतील, याचं मला फार कुतूहल आहे.

त्याच वर्षी ८ जानेवारीला ब्लूमफाँटेनमध्ये एक संघटना जन्मली. तीच पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झाली. दुबे तिचे पहिले अध्यक्ष. स्थापनेच्या सभेत प्रार्थनेनंतर सोन्टोंगांचं गीत गायलं गेलं. १९२७ मध्ये कवी म्काई यांनी त्याला आणखी सात कडवी जोडली. ही चाल सीमा ओलांडून टांझानिया आणि झांबियाच्या राष्ट्रगीतांतही जाऊन बसली. ज्या देशात ती जन्मली, तिथल्या सरकारदरबारी मात्र तिला जागा नव्हती.

तिथे होतं 'डी स्टेम'. कवी लँगेनहोवेन यांची १९१८ ची, डचपासून निघालेल्या आफ्रिकान्स भाषेतली कविता, गोऱ्यांच्या राजवटीचं राष्ट्रगीत.

(दृश्य: १९९४, मतदानाच्या रांगा.)

१९९४ मध्ये दोन्ही गीतं राष्ट्रगीतं म्हणून मान्य झाली आणि १९९७ मध्ये मंडेलांच्या सरकारनं ती एकत्र जोडली. ज्यांनी छळलं, त्यांच्या गाण्यालाही उभं राहून मान द्यायचा; केवढं मोठं मन लागतं त्याला! तरी 'डी स्टेम' जसंच्या तसं घेतलं नाही. गोऱ्या वसाहतकारांच्या बैलगाड्यांची ओळ वगळली, शेवटी इंग्रजीत नव्या ओळी लिहिल्या. खोसा, झुलू, सोथो, आफ्रिकान्स आणि इंग्रजी: एका गीतात पाच भाषा. दोन चालींमधला सांधा झाकलेला नाही, आणि मला तो तसाच आवडतो.

सोन्टोंगांची कबर कुठे आहे, हेही बरीच वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. जोहान्सबर्गच्या ब्रामफाँटेन कब्रस्तानात ती शोधून काढली गेली आणि २४ सप्टेंबर १९९६ ला राष्ट्रीय स्मारक झाली. स्मारकाचं अनावरण मंडेलांनी केलं.

सगळे या जोडगीतावर खूश नाहीत. 'डी स्टेम'चा भाग काढून टाका, अशी मागणी इकॉनॉमिक फ्रीडम फायटर्स हा पक्ष सातत्यानं करतो. त्या मागणीमागची जखम खरी आहे, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.