ओतीव काचेचा साज : कोको शॅनेल यांचे नकली दागिने

फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शॅनेल यांच्यासाठी ग्रिप्वा घराण्याने घडवलेल्या ब्रोचमधला (पोशाखावर लावायच्या शोभेच्या पिनेतला) हिरवा रंग पाचूचा नसून काचेचा आहे, आणि ही गोष्ट लपवावी असे तो घडवणाऱ्यांना कधी वाटले नाही. पॅरिसमध्ये १८६९ साली सुरू झालेल्या या घराण्याच्या कार्यशाळेत रंगीत काच ज्योतीवर वितळवून, धातूच्या बारीक तारेने आखलेल्या पाकळीत हाताने ओतली जात असे. हिरा आधी घासून, पैलू पाडून मग कोंदणात बसवतात. येथे मात्र कोंदण आधी तयार होई आणि खडा त्यातच आकार घेई. जवळून पाहिल्यास काचेच्या पोटातला एखादा सूक्ष्म बुडबुडा किंवा कडेशी थिजलेली लाट दिसते, आणि साच्यातून काढलेल्या एकसारख्या खड्यांत न सापडणारे जिवंतपण तिथेच आहे.

कोको शॅनेल यांनी १९२४ मध्ये दागिन्यांची स्वतंत्र कार्यशाळा काढून तिची धुरा काउंट एतिएन द बोमाँ यांच्याकडे सोपवली. नकली दागिना म्हणजे ऐपत नसलेल्यांनी केलेली खऱ्याची नक्कल, अशी समजूत तेव्हा रूढ होती. शॅनेल यांच्याकडे मात्र खऱ्या रत्नांची वानवा नव्हती. वेस्टमिन्स्टरचे ड्यूक या ब्रिटिश सरदाराने दिलेले मौल्यवान अलंकार त्यांच्या संग्रही होते. तरीही साध्या काळ्या पोशाखावर त्या खऱ्या आणि खोट्या मोत्यांचे सर एकत्रच घालत. दागिन्याचा मान त्याच्या वजनावर नव्हे, तर रेखाटनावर ठरावा, हा त्यांचा आग्रह होता, आणि तो मला आजही पटतो.

सिसिलीतील ड्यूक फुल्को दि व्हेर्दुरा यांनी शॅनेल यांच्यासाठी पांढऱ्या मीनाकामाची, हातात घालायची रुंद कडी घडवली. त्यांवरचा रंगीबेरंगी खड्यांचा माल्टीज क्रॉस (टोकांशी रुंदावणाऱ्या चार भुजांचा क्रूस) पुढे शॅनेल यांच्या फॅशनगृहाची ओळखच बनला. १९३२ मध्ये शॅनेल यांनी अस्सल हिऱ्यांचेही प्रदर्शन भरवले, पण त्यांचे मन काचेपासून दूर गेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला बंद केलेले फॅशनगृह १९५४ मध्ये पुन्हा उघडल्यावर कारागीर रोबेर गूसेन्स यांच्या बायझंटाइन (प्राचीन पूर्व रोमन साम्राज्याच्या) वळणाच्या दागिन्यांनी त्यांच्या सुटांना नवी शोभा आणली.

सुरुवातीच्या काळातील बऱ्याच दागिन्यांवर कोणताही शिक्का नाही. त्यामुळे जाणकार दागिना उलटा करून काच धातूला कशी बिलगली आहे, धातूच्या जोडाला डाग कसा दिला आहे, हे आधी तपासतात. लिलावात अशा वस्तूवर केवळ शॅनेल यांचे नाव झळकणे मला अपुरे वाटते. ग्रिप्वा घराण्याचा उल्लेख त्याच ओळीत, तितक्याच ठळकपणे व्हायला हवा.