रमाबाई रानडे : मालिका संपली तिथून पुढे

नमस्कार. माइक नीट येतोय ना मागे? बरं.

रमाबाई रानडे म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर टीव्हीवरच्या ‘उंच माझा झोका’ मालिकेतली ती नऊवारीतली छोटी मुलगी येते, लपूनछपून पाटीवर अक्षरं गिरवणारी, घरातल्या बायकांची बोलणी खाणारी. ते खरंच आहे सगळं, १८७३ ला लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि माधवराव, म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, एकतीस. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा सुधारकांचा पुढारी आणि बायको एवढीशी, पहिली बायको वारल्यावर विधवेशी लग्न का नाही केलं म्हणून लोकांनी तेव्हाही नावं ठेवली, आणि वडिलांपुढे ते नमले हे काही लपून राहिलं नाही. पण मला आज त्या मुलीबद्दल नाही बोलायचं, मला चाळिशीतल्या रमाबाईंबद्दल बोलायचंय.

रानडे सरकारी नोकरीत, पुढे हायकोर्टाचे जज्ज, तरी बरीच वर्षं पुण्याचं राजकारण सार्वजनिक सभेतून, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या राजकीय संस्थेतून, त्यांच्याच सल्ल्याने हलायचं, गोपाळ कृष्ण गोखल्यांचे तर ते गुरूच. १९०१ च्या जानेवारीत ते गेले. मूलबाळ नाही. त्या काळी अशा बाईने काय करायचं तर जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसायचं. या बाई येरवड्याच्या जेलमध्ये बायकांच्या बराकीत जायला लागल्या, त्यांच्याशी बोलायच्या, त्यांना वाचून दाखवायच्या. आळंदीच्या यात्रेत बायकांचे हाल होतात म्हणून मदतीला बायकाच उभ्या केल्या. १९०८ ला मुंबईत सेवासदन, म्हणजे बायकांना शिकवून कामाला लावणारी संस्था, निघाली, समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने, अध्यक्ष रमाबाई. लगेच १९०९ ला पुण्याचं, तिथे समाजसेवक गोपाळ कृष्ण देवधर सोबतीला.

आता खरी गंमत इथे आहे. १९११ च्या सुमाराला सेवासदनाच्या बायका पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकायला जायला लागल्या. यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. माझी आत्या नर्स होती, साठ-पासष्ट सालची गोष्ट, तेव्हासुद्धा बघायला आलेली मंडळी चहा पिऊन विचारायची, पुरुष पेशंटलाही हात लावावा लागतो का हो? आणि कळवतो म्हणून गेलेली कधी कळवायची नाहीत. मग पन्नास वर्षं आधी ब्राह्मणाच्या घरातली विधवा, सोवळ्यातली, ती परक्या जातीच्या माणसाची जखम धुणार, शौचाचं भांडं उचलणार, रात्रपाळी करणार, पुण्यात काय काय बोलले असतील विचार करा. रानड्यांची बायको मागे उभी आहे म्हटल्यावर घरच्यांचा विरोध जरा ढिला पडायचा, नावाचा उपयोग त्यांनी असा केला.

नाहीतर आता बघा, साहेबांच्या वहिनी, हळदीकुंकू, पाचशे साड्या, फ्लेक्सवर साडीपेक्षा फोटो मोठा! साड्या वाटू नयेत असं नाही म्हणत मी, पण साडी वर्षात विरते, आणि नर्स झालेल्या बाईला महिन्याला पगार मिळतो, मग दिराच्या दारात उभं राहावं लागत नाही.

आणि सगळंच गोड गोड नव्हतं. १९२० मध्ये पुण्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी फक्त मुलग्यांना द्यायचं घाटत होतं, टिळकपक्षाचा मुलींच्या सक्तीला विरोध. तेव्हा साठीकडे झुकलेल्या रमाबाई बायकांचा मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरल्या, पुढे बायकांच्या मताच्या हक्कासाठीही त्याच पुढे. १९२४ ला गेल्या.

लक्ष्मी रोडला साडी घ्यायला जाता ना, तिथेच सेवासदन आहे, आपण पार्किंग शोधत समोरून निघून जातो.

हां, विचारा, काय प्रश्न होता तुमचा?