पोटात काय सापडलं, रक्त कुठलं घेतलं

(पडद्यावर: लाकडी पेटी, काचेच्या बरण्या, झाकणांवर लाखेचं सील.)

‘व्हिसेरा (मृतदेहातले आतले अवयव) राखून ठेवला आहे.’ आकस्मिक मृत्यूची बातमी बहुतेक वेळा या वाक्यावर संपते आणि न्यायवैद्यक विषशास्त्राचं काम तिथून सुरू होतं. पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या शवागारात किंवा जुन्नर-दौंडकडच्या ग्रामीण रुग्णालयात पीएम, म्हणजे शवविच्छेदन, होतं. बरण्या भरल्या जातात, पोलीस हवालदार त्या गणेशखिंडच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोहोचवतो आणि सीए रिपोर्टची, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालाची, वाट पाहणं सुरू होतं.

बरण्यांत काय असतं? एकीत जठर, त्यातल्या द्रवासह, आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा साधारण 30 सेंटिमीटर भाग. दुसरीत यकृताचा तुकडा, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग आणि प्लीहा. वर मिठाचं संपृक्त द्रावण. मीठ पुरेसं आहे की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे: बरणीच्या तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे. बरणी दोन तृतीयांशच भरायची, कारण आतल्या वायूने झाकण उडतं. वापरलेल्या मिठाच्या पाण्याचा नमुनाही वेगळ्या बाटलीत जातो. नाहीतर सापडलेला पदार्थ पाण्यातूनच आला, असा प्रश्न कोर्टात हमखास येतो.

एक घोटाळा वारंवार होतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा यकृताचा तुकडा फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या रासायनिक द्रावणात) हवा आणि विषतपासणीचा मिठात. घाईत ही अदलाबदल झाली, की मिठात पडलेल्या तुकड्यातल्या पेशी नीट वाचता येत नाहीत आणि फॉर्मलिनमधल्या तुकड्यावर विषाचं मोजमाप करणं अवघड होतं.

आता जठराचा हिशेब. अहवालात नुसतं ‘जठरातील द्रवात औषध आढळले’ असं लिहून भागत नाही. द्रव किती होता ते आधी मोजावं लागतं. समजा, 300 मिलिलिटर द्रव आहे आणि दर मिलिलिटरला 0.2 मिलिग्रॅम लोपेरामाइड निघालं. म्हणजे एकूण 60 मिलिग्रॅम, 2 मिलिग्रॅमच्या तीस गोळ्या. पण त्यातला 50 मिलिलिटरच पाठवला आणि एकूण आकारमान कुणी लिहिलंच नाही, तर तो आकडा कुठल्याच कामाचा नाही. द्रव ढवळून घेतला नसेल तरी तेच. अर्धवट विरघळलेल्या गोळ्या तळाला बसलेल्या असतात, म्हणून आधी त्या चिमट्याने वेगळ्या काढून रंग, आकार आणि ठसा टिपून ठेवायचा.

दुसरा सापळा याहून खोल आहे. जठरात औषध सापडलं म्हणजे ते तोंडावाटेच गेलं, असं नाही. मॉर्फिनसारखी अल्कधर्मी औषधं रक्तातून जठराच्या आम्लात झिरपतात आणि तिथेच अडकतात. इंजेक्शन घेतलेल्या माणसाच्या जठरातही ती मिळतात.

(पडद्यावर: मांडीजवळच्या शिरेचं रेखाचित्र.)

रक्ताची गोष्ट तर आणखी नाजूक. मृत्यूनंतर औषध जागेवर राहत नाही. यकृत, फुप्फुसं आणि जठर यांतून ते शेजारच्या रक्तात उतरतं. म्हणून हृदयातल्या रक्तातला आकडा काही औषधांच्या बाबतीत मांडीतल्या रक्ताच्या कितीतरी पट निघतो. उपाय जुना आणि स्वस्त आहे: मांडीची मोठी शीर वरच्या बाजूला बांधायची, बांधलेल्या जागेच्या खालून 10 मिलिलिटर रक्त सावकाश ओढायचं, रक्त टिकावं म्हणून दर मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड घालायचं आणि कुपीवर ‘मांडीतील’ हा शब्द लिहायचा. आमच्या मते सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो तो हाच शब्द.

इतकं सगळं नीट केलं, तरी काही मृत्यू पोटाच्या साध्या दुखण्याच्या वेषात येतात.

पॅरासिटामॉल घ्या. एका वेळी दर किलो वजनाला 150 मिलिग्रॅम ही धोक्याची पातळी धरतात. 60 किलोच्या माणसासाठी 500 मिलिग्रॅमच्या अठरा गोळ्या. पहिल्या दिवशी फक्त मळमळ, उलट्या. घरी म्हणतात, पित्त झालंय. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत कोलमडतं. तोपर्यंत औषध रक्तातून बहुतेक निघून गेलेलं असतं, त्यामुळे पीएमच्या रक्तात ते नगण्य निघतं किंवा सापडतच नाही. म्हणून दवाखान्यात भरती होताना घेतलेला पहिला रक्तनमुना लगेच मागून घ्यावा लागतो. लॅब असे नमुने फार दिवस ठेवत नाहीत. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत मिळाला तर यकृत बहुधा वाचतं.

क्लोझापिन उलटीकडून नाही, बद्धकोष्ठाकडून मारतं. स्किझोफ्रेनियावरच्या या औषधाने आतड्याची हालचाल मंदावते. कधीकधी ती पूर्ण थांबते. पीएमला फुगलेलं आतडं, घट्ट मळ, कधी छिद्र, कधी श्वासनलिकेत गेलेली उलटी. रक्तातली पातळी मात्र उपचाराच्याच मर्यादेत असू शकते. 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या धोक्याचा इशारा अधिक कडक केला. आणखी एक बारकावा: रुग्णाने अचानक सिगारेट सोडली की क्लोझापिनची पातळी चढते, कारण धुरामुळे वेगाने चालणारं यकृतातलं एंझाइम मंदावतं. आतडं आणि पातळी, दोन्ही एकत्र वाचावं लागतं.

लोपेरामाइड जुलाबावरचं. नेहमीच्या मात्रेत ते मेंदूत पोहोचत नाही. नशेसाठी किंवा अफू-हेरॉइन सुटताना होणारा त्रास आवरण्यासाठी काही जण ते शेकडो मिलिग्रॅम घेतात आणि मग हृदयाच्या विद्युतप्रवाहात बिघाड होतो. 2016 मध्ये याचा इशारा निघाला. अडचण अशी, की अफूजन्य पदार्थांच्या नेहमीच्या पट्टी-चाचणीत ते पकडलं जात नाही. एलसी-एमएस या, पदार्थ वेगळे करून रेणूंच्या वजनावरून ओळखणाऱ्या, यंत्रावर त्याचं नाव घालून शोधावं लागतं.

(पडद्यावर: बाथरूममध्ये वाफाळणारं पाणी.)

आणि गांजा. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काहींना वारंवार, थांबता थांबत नाही अशी उलटी होते. 2004 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी याचं पहिलं वर्णन केलं. ओळखीची खूण विचित्र आहे: रुग्ण दिवसातून अनेकदा गरम पाण्याने अंघोळ करतो, कारण तेवढा वेळ बरं वाटतं. सोनोग्राफी आणि एंडोस्कोपीत काही निघत नाही. क्वचित पाणी आणि क्षार इतके जातात, की हृदय किंवा मूत्रपिंड थांबतं. असे मृत्यू न्यायवैद्यक साहित्यात 2019 पासून नोंदले गेले आहेत. इथे रक्तातला गांजाचा आकडा काही सांगत नाही. मृत्यूनंतर रक्तातले क्षारही भरवशाचे नसतात. उत्तर डोळ्यातल्या द्रवात मिळतं.

डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून 20 गेजची सुई घालून प्रत्येक डोळ्यातून 2 ते 3 मिलिलिटर द्रव हलक्या हाताने ओढायचा. जोर लावला तर डोळ्यातल्या पडद्याचे (रेटिनाचे) कण येतात आणि पोटॅशियम चुकीचं चढतं. दर लिटरला मिलिमोलमध्ये मोजलेलं सोडियम 130 च्या खाली, क्लोराइड 105 च्या खाली आणि पोटॅशियम 15 च्या आत, हा दीर्घ उलट्यांशी जुळणारा नमुना. सोडियम-क्लोराइड कमी, पण पोटॅशियम 20 च्या वर असेल, तर ती कुजण्याची खूण. मे महिन्यात शीतगृहाबाहेर राहिलेल्या मृतदेहात हा फरक विसरून चालत नाही. क्षारांसाठी कुपी साधी हवी. फ्लोराइडच्या कुपीत सोडियम घातलेलंच असतं, त्यामुळे तिथला सोडियमचा आकडा आपोआप फुगतो.

मेफेड्रोन, पुण्यात ज्याला एमडी म्हणतात ते अमली द्रव्य, त्याची अडचण वेगळी. ते नमुन्यातच मोडत जातं, उष्णतेत अधिक वेगाने. 2024 च्या फेब्रुवारीत दौंडजवळच्या कुरकुंभमध्ये त्याचा कारखानाच सापडला, तेव्हा हे नाव घराघरात पोहोचलं. फ्लोराइड आणि उणे 20 अंशांचा फ्रीझर, हे दोन्ही नसतील तर नकारात्मक अहवालावर विश्वास ठेवू नये.

1 जुलै 2024 पासून आकस्मिक मृत्यूची चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होते. पंचनाम्यात दागिने, कपडे आणि जखमा नेमाने येतात. त्याच कागदावर चार ओळी जास्त हव्यात: उलट्या केव्हापासून, शौच किती दिवस झालं नव्हतं, वारंवार गरम पाण्याची अंघोळ होती का, आणि घरातल्या औषधांच्या पट्ट्यांत किती गोळ्या उरल्या. पट्ट्या बरण्यांबरोबर पाठवायच्या, रिकाम्या असल्या तरी. त्यावरूनच प्रयोगशाळेला कळतं, यंत्रावर कोणतं नाव शोधायचं.