सीपॅपचा पहिला पंधरवडा

(दृश्य: अंधारी बेडरूम. उशाशी मशीनचा मंद आकडा. बाहेर कुत्री भुंकताहेत.)

जानेवारीतली रात्र. दोन वाजलेत. निफाडकडची थंडी नाशिकच्या खिडक्यांच्या फटींतून आत शिरलीय. पलंगाशेजारी सीपॅप मशीन चालू आहे. झोपेत ज्यांचा श्वास अडतो, त्यांना ते नळी आणि मास्कमधून दाबाची हवा देतं. त्याची नळी गोधडीवरून उशीपर्यंत गेलीय, आणि त्या नळीत पाणी गुडगुडतंय. थोड्या वेळात त्यातले दोन-चार थेंब मास्कमध्ये उतरतील, नाकावर पडतील, आणि झोपलेला माणूस दचकून मास्क ओढून काढेल. सकाळी चहाच्या वेळी घरात सांगेल, "मशीन बिघडलंय."

मशीन धडधाकट आहे. ह्युमिडिफायर पाणी कोमट करतो, त्यातून दमट हवा निघते, आणि गार नळीतून जाताना त्या वाफेचं पाणी होतं. वरणाच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून घाम सुटतो, तसंच. नळी गोधडीच्या आतून घ्या. जुन्या सुती साडीची लांब खोळ शिवून नळीवर चढवली तरी चालते; विकतच्या खोळीसाठी थांबायचं कारण नाही. मशीनवरचा ओलाव्याचा आकडा एकानं कमी करा. नळीच गरम होणारी असेल तर तिचं तापमान एक-दोन अंशांनी वाढवा. आणि मशीन उशीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे जमलेलं पाणी उताराला लागून परत जाईल. गादी जमिनीवर घालून झोपणाऱ्यांनी मशीन थेट फरशीवर ठेवू नये, केर आत ओढला जातो. खाली एक पाट पुरतो.

(दृश्य: घशाचं साधं रेखाचित्र. श्वासाची वाट बंद होते, उघडते.)

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या घशात ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट मिटते. छाती ओढ घेत राहते, हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू अर्धवट जागा होतो, घसा एका झटक्यात उघडतो. असा किमान १० सेकंदांचा खंड म्हणजे एक ॲप्निया. श्वास पूर्ण न थांबता बराच उथळ झाला तर तेही मोजतात. दोन्ही मिळून तासाला किती वेळा घडतं, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. ज्याचा श्वास थांबतो त्याला यातलं काही आठवत नाही. "अहो, मघाशी श्वासच थांबला होता तुमचा," हे शेजारी झोपणारं माणूस सांगतं. बायकांमध्ये घोरणं कमी ऐकू येतं. सकाळची डोकेदुखी, मोडलेली झोप, दिवसभराचा थकवा एवढंच दिसतं, म्हणून त्यांचं निदान मागे पडतं.

सीपॅप या मिटणाऱ्या वाटेत हवेचा टेकू देतं. ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये या उपचाराचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा मास्क रोज रात्री नाकाला चिकटवावा लागे. आज पट्टे आलेत, तक्रारी मात्र मास्कच्याच आहेत.

दाब मोजतात तो पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. पेल्यात १० सेंटिमीटर पाणी भरलं की तळाशी जेवढा दाब पडतो, तेवढा म्हणजे १०. मशीनचा पल्ला साधारण ४ ते २०. सायकलच्या ट्यूबमध्ये याच्या शेकडो पट दाब असतो. त्यामुळे "हवेनं फुप्फुस फुटेल का?" ही भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही. मात्र फुप्फुसाचा जुना आजार असेल किंवा छातीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं.

(दृश्य: जवळून. सिलिकॉनच्या कुशनची पातळ कड, हवा भरताच फुगते.)

ही कड बघा. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आहे. हवा आत आली की फुगते आणि चेहऱ्याच्या चढउतारांवर बसते. पट्टे करकचून आवळले की ती चेपते, तिला फुगायला जागा उरत नाही आणि हवा कडेनं निसटू लागते. गळती वाढली की माणूस आणखी आवळतो. सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ, डोळे चुरचुरणारे, आणि मशीनमध्ये गळतीचा आकडा चढलेला. नव्या माणसांच्या निम्म्या रात्री इथेच वाया जातात.

मास्क आरशासमोर उभं राहून लावू नका. आडवं झाल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते. आधी तोंड साबणानं धुवा, क्रीम लावू नका. ज्या उशीवर झोपायचंय तिच्यावर डोकं टेका. पट्टे सैल ठेवून मास्क बसवा आणि मशीन सुरू करा. बऱ्याच मशीनमध्ये मास्कची बैठक तपासायची सोय असते, त्यात थोडा वेळ जास्त दाब मिळतो, ती वापरा. आता मास्क चेहऱ्यापासून बोटभर पुढे ओढा आणि अलगद परत टेकवा, म्हणजे कुशन फुगून बसेल. मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखेच, थोडेथोडे ओढा. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. डाव्या कुशीवर वळा, उजव्या कुशीवर वळा. जिथून फुसफुस येते तिथलाच पट्टा किंचित आवळा. वेणी किंवा अंबाडा मागच्या पट्ट्याच्या वर घ्या, खाली दबला तर पट्टा रात्रभर सरकत राहतो.

एक गोष्ट मात्र गळती समजू नका. मास्कच्या पुढच्या भागात बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून हवा सतत बाहेर येते. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच जातो. शेजारच्याला वारा लागतो म्हणून त्यावर चिकटपट्टी लावलेली घरं आहेत. तसं कधीही करायचं नाही.

मास्क तीन तऱ्हांचे: नाक झाकणारा, नाकपुड्यांत टेकणारी छोटी बोंडं असलेला, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. घसघशीत मिशी असेल तर नाकावरच्या मास्कची कड मिशीवर बसते आणि हवा केसांतून निघते. अशांना बोंडांचा मास्क बहुधा बरा पडतो. मिशी काढायची की मास्क बदलायचा, यात आमचं मत मास्क बदलण्याकडे. मिशी गेल्यावर माणूस मशीनवर कायमचा राग धरतो. काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाचे खटके असतात. पेसमेकर बसवलेल्या माणसानं, आणि त्याच्या शेजारी झोपणाऱ्यानंही, बिनचुंबकाचा मास्क घ्यावा.

आणि हो, नाकातलं तूप. रात्री झोपताना नाकपुड्यांत साजूक तुपाचं किंवा तेलाचं बोट फिरवायची सवय आपल्याकडे घरोघर आहे. मशीनच्या वाऱ्यानं नाक कोरडं पडलं की हात तिकडेच जातो. स्निग्ध पदार्थानं सिलिकॉनची कड लवकर खराब होते, मास्क घसरतो, आणि हवेच्या दाबाबरोबर तेलाचा अंश छातीत उतरणं चांगलं नाही. बाम आणि व्हॅसलीनही याच यादीत. कोरड्या नाकावर ओलाव्याचा आकडा एकानं वाढवा, किंवा मिठाच्या पाण्याचा नाकाचा फवारा घ्या. जलनेती जमत असेल तर उत्तमच: अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात साधारण ५ ग्रॅम मीठ. थेट नळाचं पाणी नाकात घ्यायचं नाही.

(दृश्य: दुपार. टीव्ही चालू. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडावर मास्क, नळी जोडलेली नाही.)

तोंडावर काही आलं की जीव घाबरतो, त्यांनी पहिली रात्र मशीनवर काढायचा हट्ट धरू नये. दोन-तीन दिवस टीव्ही बघताना नुसता मास्क लावा, नळीशिवाय, वीस मिनिटं. मग नळी जोडून, मशीन चालू करून तेवढाच वेळ. मग दुपारी आडवं होऊन तासभर. मग रात्र. एखाद्या पायरीवर घुसमट वाटली तर आधीच्या पायरीवर आणखी दोन दिवस राहा. रात्री झोपेत मास्क काढला गेला, तर जाग आल्यावर पुन्हा लावा. पहिल्या पंधरवड्यात झोप कशी लागली याकडे फार बघू नका, मास्क किती तास राहिला ते बघा. रोज किमान ४ तास, दहातल्या सात रात्री, ही डॉक्टरांची नेहमीची किमान रेघ. किमान म्हणजे खालची. मास्क निघाला की घसा पुन्हा मिटू लागतो, आणि पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत बहुतेकांचा ॲप्निया सगळ्यात जोरात असतो. चार तासांनी मास्क काढणारा नेमका तोच भाग उघडा सोडतो.

रॅम्प नावाची सोय असते. दाब ४ पासून सुरू होऊन हळूहळू ठरलेल्या आकड्यावर जातो, त्याला ४५ मिनिटांपर्यंत वेळ देता येतो. पण काहींना ४ वर हवाच पुरत नाही. ते म्हणतात, गुदमरतोय, आणि घरचे समजतात की दाब जास्त झाला. खरं उलटं असतं. रॅम्पची सुरुवात ६ च्या आसपास करून घेतली की घुसमट जाते. श्वास सोडताना दाबाविरुद्ध ढकलल्यासारखं वाटत असेल, तर उच्छ्वासाला दाब उतरवायची सोय तंत्रज्ञाकडून सुरू करून घ्या. ती १ ते ३ पर्यंत असते. मूळ उपचाराचा दाब मात्र मित्राच्या मशीनवर बघून बदलायचा नाही.

सकाळी तोंडाला कोरड पडते, ती बहुधा तोंड उघडं राहून हवा निसटल्यामुळे. आधी नाक मोकळं आहे का बघा. नाक चोंदलेलं असताना हनुवटीला पट्टा बांधून काही साधत नाही. त्यापेक्षा नाक-तोंड झाकणारा मास्क बरा. पोट फुगून ढेकर येत असतील तर हवा गिळली जातेय. उशाची बाजू थोडी उंच करा, रात्रीचं जेवण लवकर आटपा, आणि तरी थांबलं नाही तर दाबाबद्दल डॉक्टरांशी बोला. नाशिकला वाईनची राजधानी म्हणतात, म्हणून हेही सांगून टाकू: झोपण्याआधीचा पेला घसा आणखी सैल करतो. झोपेच्या काही गोळ्यांचंही तसंच.

(दृश्य: ह्युमिडिफायरची टाकी उजेडात धरलेली. तळाला पांढरा थर.)

हा थर बोअरच्या पाण्याचा. टाकीत डिस्टिल्ड वॉटर भरायचं, टाकीवरच्या कमाल रेघेपर्यंत. मेडिकल दुकानात ते मिळतं. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी नावानं तेच असलं तरी ते श्वासासाठी भरलेलं नसतं. बाटली संपलीच असेल तर एखाद्या रात्री आरओचं पाणी उकळून गार करून चालवा. उरलेल्या पाण्यात भर घालू नका. रोज सकाळी टाकी रिकामी करून वाळवा. थर बसलाच तर एक भाग पांढरं व्हिनेगर, दहा भाग पाणी, थोडा वेळ भिजवून स्वच्छ धुवा. मास्कची कुशन रोज सौम्य साबणाच्या कोमट पाण्यानं, नळी आठवड्यातून एकदा. वाळवायचं सावलीत, उन्हात प्लास्टिक तडकतं. जंतुनाशक द्रव नको, त्याचा वास रात्रभर नाकात जातो.

मशीन खोलीतलीच हवा ओढतं. डासांची कॉइल, धूप, उदबत्ती, सगळं फिल्टरपर्यंत येतं. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. फिल्टर महिन्याला बघा, राखाडी झाला की बदला. गल्लीत बांधकाम चालू असेल तर त्याआधीच. तो कागदी फिल्टर धुवायचा नसतो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांसाठी एक स्पष्ट करायला हवं. झोप दिवसा असली तरी मास्क तेव्हाच लावायचा. दुपारची वामकुक्षीही यातून सुटत नाही. आणि दिवसा पेंग येते तोवर कसारा घाटातून गाडी चालवायची नाही, स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या.

मशीनच्या पडद्यावर सकाळी तीन आकडे बघा: तास, गळती, एएचआय. उपचार चालू असतानाचा एएचआय ५ च्या खाली यायला हवा. एका प्रचलित बनावटीत गळती मिनिटाला २४ लिटरच्या वर गेली की ती मोठी धरतात. गळती मोठी असेल तर त्या रात्रीच्या एएचआयवर फार विसंबू नका. गळती कमी असूनही एएचआय आठवडाभर चढाच राहिला तर मेमरी कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा.

जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर बनावटीचं साल आणि मॉडेल विचारा. जून २०२१ मध्ये फिलिप्सनं आपली लाखो मशीन परत बोलावली होती. आवाज कमी करणारा आतला फोम झिजून त्याचे कण हवेत येण्याचा धोका होता. मॉडेल त्या यादीत आहे का, हे पैसे देण्याआधी बघायचं. मास्क आणि नळी दुसऱ्याची वापरूच नका.

(दृश्य: मे महिना. वळवाचं आभाळ. गल्लीतले दिवे एकदम जातात.)

लाइट गेली की मशीनचा पंखा थांबतो. नाकावरचा मास्क असेल तर तोंडानं श्वास घेता येतो. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला एक झडप असते, ती उघडून खोलीतली हवा आत घेते, म्हणून ती झडप धुताना अडकलेली नाही ना ते बघत जा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. त्याला यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर अदलाबदलीच्या क्षणी मशीन बंद पडून पुन्हा सुरू होतं किंवा होतही नाही. ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद केली की विजेचा खर्च निम्म्याहून खाली येतो; १५० एएचची चांगली बॅटरी एक पंखा आणि मशीन यांची रात्र निभावते. वळवाच्या आधी एका संध्याकाळी मास्क लावून आडवे व्हा आणि घरच्या कुणाला तरी मेन स्विच पाडायला सांगा.